चढावर गाडी बंद का पडते: डाव्या पायाचे राहून गेलेले शिक्षण

ताई, नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण तुम्ही विचारले आहे त्यापेक्षा त्यात सांगितलेले जास्त महत्त्वाचे आहे. तुमचे वय ४१, राहणे पारोळ्याला, नोकरीसाठी रोज अमळनेरला जाणे-येणे. ड्रायव्हिंग क्लासमध्ये २१ दिवस शिकलात, आरटीओची ट्रायल पहिल्याच खेपेला पास झालात, पक्के लायसन्स हातात आले. मग घरी जुनी पेट्रोल गाडी घेतली आणि ती पहिल्याच आठवड्यात चौकाचौकात बंद पडू लागली. पुढे जळगावला शिवाजीनगर पुलाच्या चढावर गाडी मागे सरकली, मागचा रिक्षावाला ओरडला, शेजारी बसलेले यजमान त्याहून मोठ्याने ओरडले, आणि तेव्हापासून दोन महिने तुम्ही किल्लीला हात लावलेला नाही. तुमचे प्रश्न दोन आहेत: या वयात डावा पाय क्लचवर बसत नाही काय, आणि ही गाडी विकून ऑटोमॅटिक घ्यावी काय.

मी जळगावात २६ वर्षे गाडी शिकवतो आहे. तुमच्यासारखी अवस्था झालेली माणसे माझ्याकडे दर महिन्याला येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना मी आधी एकच गोष्ट विचारतो, ती तुम्हालाही विचारतो. क्लासच्या गाडीत तुमच्या हातून गाडी किती वेळा बंद पडली होती? तुमचे उत्तर 'फारशी नाही' असेच असणार, अशी माझी खात्री आहे. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने क्लच घाईने सोडला आणि गाडी थरथरू लागली की शिकवणाऱ्याचा पाय आपोआप खाली जातो आणि गाडी सावरते. शिकणाऱ्याला वाटते की आपल्याला जमले. म्हणजे तुमच्या डाव्या पायात दोष नाही; त्याला शिकण्याची वेळच मिळालेली नाही. तुमचा खरा प्रश्न हा आहे, आणि त्याला उपाय आहे.

हे मी दुसऱ्या कोणावर ठपका ठेवण्यासाठी लिहीत नाही, कारण सुरुवातीची काही वर्षे मीही हेच केले. यावलकडच्या एक परिचारिका माझ्याकडे शिकून गेल्या आणि महिनाभराने परत आल्या. रेल्वे फाटक ओलांडताना त्यांची गाडी रुळांवरच बंद पडली होती. फाटक उघडे होते, आगगाडी यायला वेळ होता, चार माणसांनी ढकलून त्यांना पार केले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "सर, तुमच्या गाडीत तर कधीच बंद पडत नव्हती." दुसऱ्या दिवशी मी माझ्या पायाकडे लक्ष ठेवले, तर अर्ध्या तासाच्या एका फेरीत माझा पाय ११ वेळा क्लचवर गेला होता. त्या बाईंनी फी भरून विकत घेतलेला सराव मी स्वतःच करत होतो. त्या दिवसापासून गर्दीची जागा सोडली तर मी माझे पाय मागे ओढून बसतो आणि शिकणाऱ्याची गाडी बंद पडू देतो.

थोडा हिशेबही करून पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांप्रमाणे क्लासमधले शिक्षण किमान २१ दिवसांचे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणे किमान १० तासांचे असावे लागते. म्हणजे दिवसाला अर्धा तासही पुरता येत नाही. त्या अर्ध्या तासात तुम्ही वीस वेळा गाडी जागेवरून उचलली असे धरू. प्रत्येक वेळी क्लच खऱ्या अर्थाने कामावर असतो तो दोन-तीन सेकंद. म्हणजे दिवसाकाठी एक मिनिट आणि सगळ्या कोर्समध्ये वीस-एकवीस मिनिटे. त्यातूनही शिकवणाऱ्याच्या पायाने केलेली मदत वजा करा. स्टिअरिंग, आरसे, इंडिकेटर यांचा सराव दहाच्या दहा तास होतो, म्हणून ते तुम्हाला जमले आणि ट्रायलही निभावली. डाव्या पायाच्या वाट्याला मात्र काही मिनिटेच आली.

आता क्लच काय करतो ते एकदा नीट समजून घ्या, कारण ते डोळ्यांसमोर आल्याशिवाय पाय ऐकत नाही. दोन्ही तळहात समोरासमोर धरा. उजवा तळहात म्हणजे इंजिनाची चकती, जी सतत फिरते आहे. डावा म्हणजे चाकांकडे जाणारी क्लच प्लेट, जी गाडी उभी असताना थांबलेली आहे. क्लच दाबलेला असताना दोन्हींमध्ये फट असते. पेडल सोडू लागलात की त्या जवळ येतात, आधी एकमेकींवर घासतात, घासता घासता थांबलेलीही फिरू लागते आणि शेवटी दोन्ही घट्ट चिकटून एका वेगाने फिरतात. गाडी जागची हलते ती या घासण्याच्या काळात, आणि आपण त्यालाच हाफ क्लच म्हणतो. पेट्रोल इंजिन नुसते चालू असताना मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेते. थांबलेले चाक त्याच्या गळ्यात एकदम बांधले तर ते फेरे इतके खाली येतात की इंजिनाला स्वतःलाच चालू ठेवता येत नाही, आणि ते बंद पडते. गाडी बंद पडणे म्हणतात ते एवढेच. अधूनमधून तसे झाले म्हणून गाडीचे काही बिघडत नाही.

पेडलचा सगळा प्रवास सारख्याच महत्त्वाचा नसतो, हेही लक्षात घ्या. अगदी खालून पकड येईपर्यंतचा भाग रिकामा असतो. तो पटकन सोडला तरी चालतो. मधला बोटभर भाग हाच कामाचा असतो, आणि तिथे पाय थांबला पाहिजे. पकड पूर्ण झाल्यानंतरचा वरचा भाग पुन्हा रिकामा. 'क्लच हळू सोडा' ही क्लासमध्ये हजार वेळा दिली जाणारी सूचना म्हणूनच अर्धवट आहे. शिकणारा खालपासून वरपर्यंत सगळेच हळू करतो, पाय थकतो, आणि नेमक्या कामाच्या जागी सुटतो. हळू सोडण्यापेक्षा त्या जागी थांबणे महत्त्वाचे. शिवाय ही जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते. क्लासच्या गाडीत ती खाली असेल आणि तुमच्या गाडीत बरीच वर, तर तुमचा पाय जुन्या जागी वाट पाहतो आणि नव्या जागी फसतो. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात गाडी बंद पडू लागली, त्याचे एक कारण बहुधा हेच असेल.

सरावासाठी सपाट, रिकामी आणि रहदारी नसलेली जागा हवी. आपल्या भागात कापसाचा हंगाम संपला की जिनिंगची आवारे महिनोन्‌महिने रिकामी असतात. ओळखीच्या मालकाला विचारून सकाळी सहाला तिथे जा. बाजार समितीचे आवारही सुट्टीच्या दिवशी चालेल, परवानगी मात्र घ्या. सीट इतकी पुढे घ्या की क्लच पूर्ण तळाशी दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. बहुतेक बायका सीट फार मागे ठेवून बसतात, कारण घरातल्या पुरुषाने ती तशी ठेवलेली असते. मग क्लच दाबताना कंबर पुढे सरकते आणि पायाचा अंदाज दर वेळी बदलतो. उंच टाचेची किंवा मागून मोकळी चप्पल नको. पातळ तळव्याचे, मागून बंद असलेले पादत्राण घाला.

पहिला सराव असा. गाडी चालू करा, एसी बंद ठेवा, पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा आणि उजवा पाय ॲक्सिलरेटरकडे अजिबात नेऊ नका, तो ब्रेकजवळ तयार राहू द्या. आता फक्त क्लच वर आणा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होईल, स्टिअरिंगवर ठेवलेल्या हाताला बारीक थरथर जाणवेल, आणि गाडी मुंगीच्या गतीने हलू लागेल. तिथे पाय थांबवा. मनात तीन अंक मोजा. मग क्लच पुन्हा पूर्ण दाबा आणि ब्रेक लावा. गाडी हातभर पुढे गेली असेल. एवढेच पुन्हा पुन्हा करायचे आहे, दहा मिनिटे करून पाच मिनिटे विसावा, म्हणजे पाय दुखणार नाही आणि क्लचही तापणार नाही. जळका, उग्र वास आला तर लगेच थांबा आणि गाडी निवू द्या.

ॲक्सिलरेटर का नको, याचे कारण सांगतो. रेस देऊन गाडी उचलली की क्लचची चूक झाकली जाते. इंजिनाचे फेरे इतके वाढलेले असतात की पाय कसाही सुटला तरी गाडी झटका मारून का होईना, निघते. रेसशिवाय मात्र चूक झाकायला काहीच उरत नाही, म्हणून पाय दोन-तीन दिवसांत ती जागा ओळखू लागतो. माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यांत अवघड शिकणारे म्हणजे वर्षानुवर्षे ट्रॅक्टर चालवलेले शेतकरी. ट्रॅक्टर हाताच्या ॲक्सिलरेटरवर एका जागी धरलेला असतो, इंजिनाला ताकद भरपूर असते, क्लच झटकन सोडला तरी तो चालतो. चोपड्याकडच्या एका वयस्क केळीबागायतदारांना मी चार दिवस रेसला हात लावू दिला नाही. त्यांचे नातेवाईक मागच्या सीटवरून अहिराणीत सारखे सांगत, "हयूहयू सोड, हयूहयू." पाचव्या दिवशी त्यांनी गाडी अशी उचलली की डॅशबोर्डवर ठेवलेली पाण्याची बाटली जागची हलली नाही.

हे वीसपैकी अठरा-एकोणीस वेळा जमू लागले की मगच चढ घ्या, आधी नको. पुलावर जाऊ नका. आपल्याकडे काळ्या मातीमुळे डांबरी रस्ते भराव घालून उंच केलेले असतात आणि शेतरस्ता त्यांना मिळतो तिथे दोन-तीन गाड्यांच्या लांबीचा छान चढ असतो. कमी वर्दळीच्या गावरस्त्याचा असा एखादा चढ निवडा, महामार्गाचा नको, आणि पाऊस पडून गेला असेल तर तोही नको, कारण त्या चिखलात चाक फिरत राहते आणि तुम्हाला चूक कोणाची ते कळत नाही.

चढाच्या मध्यावर ब्रेक लावून थांबा आणि हँडब्रेक पूर्ण ओढा. आता ब्रेकवरचा पाय उचलून पाहा, गाडी जागेवर राहिली पाहिजे. राहत नसेल तर सराव तिथेच थांबवून आधी हँडब्रेक दुरुस्त करून घ्या. जुन्या गाडीत तो सैल असणे नेहमीचे आहे. गाडी राहत असेल तर क्लच दाबून पहिला गिअर टाका, उजव्या पायाने थोडी, एकसारखी रेस धरा, आणि क्लच त्या ओळखीच्या जागेपर्यंत वर आणा. आवाज जड होईल आणि बॉनेट किंचित वर उचलल्यासारखे दिसेल. गाडी पुढे ओढू पाहते आहे आणि हँडब्रेकने तिला धरून ठेवले आहे, अशी ती अवस्था. डावा पाय तिथेच राहू द्या आणि हँडब्रेक खाली करा. गाडी मागे येणार नाही. ती पुढे निघाली की मग क्लच सावकाश पूर्ण सोडा. गाडी मागे सरकते ती माणसे क्रम उलटा करतात म्हणून: मागच्या हॉर्नला घाबरून आधी ब्रेक सोडतात आणि मग पकड शोधू लागतात. तुमच्या मागे उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला दोन सेकंद जास्त थांबावे लागले तर काही बिघडत नाही. गाडी मागे आली तर मात्र बिघडते. म्हणून आधी पकड, मग ब्रेक सोडणे, हा क्रम कितीही हॉर्न वाजले तरी मोडू नका.

आणि तरीही गाडी बंद पडली तर? ती पडेल, हे धरूनच चाला. पहिल्यांदा उजवा पाय ब्रेकवर घट्ट, मग हँडब्रेक, मग क्लच पूर्ण दाबून गिअर न्यूट्रल, धोक्याचे चारही दिवे चालू, आणि मग स्टार्टर. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते आणि पेडल कडक लागते. घाबरू नका, जास्त जोर लावला की ब्रेक लागतो. जिनिंगच्या आवारात मुद्दाम गाडी बंद पाडा आणि हा क्रम दहा-पंधरा वेळा करा. मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून हे करून घेतो, कारण रस्त्यावर माणूस चुकतो तो बहुधा बंद पडल्यानंतरच्या घाईत. नुसत्या बंद पडण्याने फारसे बिघडत नाही. रेल्वे फाटकाबद्दल एवढे पाळा: पुढची गाडी पलीकडे गेल्याशिवाय रुळांवर चढू नका, पहिल्या गिअरमध्येच पार करा आणि रुळांवर असताना गिअर बदलू नका.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात आणि त्या मला इथे बसून ठरवता येत नाहीत. तुमची गाडी पेट्रोल आहे. डिझेल गाडी कमी फेऱ्यांनाही जोर लावते म्हणून तिच्यात हे सोपे जाते, तेव्हा दुसऱ्या कोणाच्या डिझेल गाडीशी स्वतःची तुलना करू नका. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा एसीशिवाय बसणे कठीण, पण लहान पेट्रोल इंजिनावर एसीचा भार जाणवण्याइतका असतो, म्हणून सराव पहाटेच करा आणि नंतर एसी लावून तोच सराव पुन्हा करा. गाडी जुनी आहे, म्हणून क्लचची तपासणी आधीच करून घ्या. घरीही पाहता येईल: सपाट जागी हँडब्रेक पूर्ण ओढा, ब्रेक दाबून ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच सोडा. चांगला क्लच असेल तर इंजिन तत्काळ बंद पडेल. ते चालूच राहिले, किंवा पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय पकड येतच नसेल, तर दोष प्लेटचा किंवा केबलच्या जुळणीचा आहे. तसे निघाले तर गेले दोन महिने तुम्ही स्वतःला उगीच बोल लावत होतात.

वयाचा प्रश्न मी बाजूला ठेवतो, कारण तो इथे लागू नाही. साठी ओलांडलेल्यांना मी शिकवले आहे. त्यांना दिवस जास्त लागतात हे खरे, पण जे आधी समजून घेऊन करतात त्यांचा पाय पुढे पक्का राहतो, आणि तुमच्या प्रश्नाच्या लिहिण्यावरून तुम्ही समजून घेणाऱ्यांपैकी दिसता.

ऑटोमॅटिकबद्दल प्रामाणिक मत देतो. ती वाईट नाही. गुडघ्याचे दुखणे असेल, किंवा रोज शहराच्या गर्दीत तासभर रखडावे लागत असेल, तर मी स्वतः ऑटोमॅटिक घ्यायला सांगतो. तुमचा रस्ता पारोळा ते अमळनेर, बहुतेक सपाट आणि मोकळा. तिथे गावातून बाहेर पडल्यावर क्लचचे काम फारसे उरत नाही. शिवाय घरातली, भावाची, शेजाऱ्याची गाडी गिअरचीच असते, आणि अडीअडचणीला रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे असेल तेव्हा समोर असेल ती गाडी चालवता आली पाहिजे. म्हणून माझा सल्ला असा की आधी महिनाभर हा सराव करा, गाडी सफाईने उचलता येऊ लागली की मग निर्णय घ्या. भीतीपोटी गाडी बदलली तर भीती तशीच राहते, फक्त डाव्या पायाला काम उरत नाही.

घाटाची घाई करू नका. चाळीसगावचा कन्नड घाट किंवा कोंडाईबारी यांसाठी तीन-चार महिने थांबा. तोवर एवढेच माहीत असू द्या की उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला रोखून धरते, ब्रेक तापत नाहीत, आणि आजच्या इंजिनांत पाय ॲक्सिलरेटरवरून काढल्यावर गिअरमध्ये उतरताना इंधनही जात नाही, त्यामुळे न्यूट्रलने पेट्रोल वाचते हा समज सोडून द्या.

राहिले शेजारी कोणी बसायचे ते. तुमच्याकडे पक्के लायसन्स आहे, त्यामुळे कोणी बसलेच पाहिजे असे कायद्याने नाही, पण पहिले पंधरा दिवस एकटे जाऊ नका. यजमानांना हे उत्तर वाचायला द्या आणि त्यांच्याशी एक ठरवून घ्या: धोका असेल तेव्हा त्यांनी 'थांब' हा एकच शब्द बोलायचा, आणि तो ऐकला की तुम्ही क्लच व ब्रेक दोन्ही दाबायचे. गाडी बंद पडली तर त्यांनी काहीच बोलायचे नाही. जिनिंगच्या आवारात पहिल्या दिवशी तर त्यांना गाडीबाहेर, सावलीत खुर्ची टाकून बसू द्या. तिथून त्यांना तुमचा पाय दिसणार नाही, फक्त गाडी हातभर पुढे जाऊन थांबताना दिसेल, आणि ती थांबणी दिवसागणिक मऊ होत जाताना त्यांनाही कळेल. मागच्या काचेवर शिकाऊचा लाल 'एल' लावून ठेवा. तुम्हाला तो बंधनकारक नाही, पण पुलाच्या चढावर मागचा माणूस थोडे अंतर ठेवून उभा राहतो. आठ दिवसांनी वीसपैकी किती वेळा जमले ते इथे लिहा, आणि क्लचच्या तपासणीत इंजिन लगेच बंद पडले की चालू राहिले, तेही लिहा. पुढचे त्यावरून सांगतो.